फलक नकोत, संध्याकाळी उघडी असणारी खोली हवी

सप्रेम नमस्कार,

तरुण मुलांमधला एचआयव्ही रोखण्यासाठी मदत मागितली की बहुतेक दाते आधी फलक देऊ करतात. फलकावर नाव येतं, फोटो निघतो, खर्चाचा हिशोबही सोपा जातो. हेतू चांगलाच असतो. तरीही यंदा स्पष्टच लिहितो आहोत: फलक, पत्रकं आणि टोप्या पुरे झाल्या. आमच्या गटाला पैसे हवे आहेत ते फोटोत न दिसणाऱ्या गोष्टींसाठी. त्या कोणत्या आणि का, हे सांगायला थोडी जागा लागणार आहे, तेवढी सवड काढून वाचावं ही विनंती.

आमच्याकडे येणाऱ्या विशीतल्या मुलांना एचआयव्ही कसा होतो हे साधारण ठाऊक असतं. कंडोम कशासाठी, एकाची सुई दुसऱ्याने का वापरू नये, सगळं पाठ. गाडी अडते ती पुढे. टोळक्यात कंडोमचा विषय निघाला की कुणीतरी फिदीफिदी हसतं आणि तिथेच विषय संपतो. तपासणीला जाऊन येतो म्हटलं तर ‘का रे, काय भानगड केलीस?’ हा पहिला प्रश्न जिवलग मित्राचाच असतो. जे चारचौघांत हसण्यावारी जातं, ते एकट्याने करायला फार मोठी छाती लागते. प्रत्येकाकडे ती असते असं धरून कार्यक्रम आखले जातात, हे आमचं जुनं दुखणं.

मित्रांच्या जोडीला वस्ती आहेच. तपासणी केंद्र कागदावर जवळच असतं, पण ते उघडतं दिवसा, म्हणजे नेमकं कामाच्या वेळी. रोजावर जाणाऱ्याने अर्ध्या दिवसाची कमाई बुडवून तिथे जायचं आणि बाकावर बसायचं. मुलगा आत येतो, भिंतीवरची सूचना वाचल्यासारखं करतो, बाकावरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवतो. ओळखीचं कुणी दिसलं की खिडकीवर आईच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची चौकशी करून तसाच परत फिरतो. नोंदवहीत त्याचं नावही लागत नाही. अशा मुलाबद्दल ‘तरुणांना गांभीर्य नाही’ असं म्हणणं सोपं आहे.

घराचा प्रश्न याहून अवघड. समलिंगी आहे हे कळल्यावर घराबाहेर काढलेला मुलगा रात्रीच्या निवाऱ्यासाठी ज्याच्या दारात उभा राहतो, त्याच्यापुढे तो कंडोमचा आग्रह कसा धरणार? त्याला समुपदेशन द्याच, पण आधी झोपायला जागा द्या.

संसर्गाचा धोका माणसाच्या वागण्यावरच ठरतो असं आपण गृहीत धरतो. पण 2012 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांमध्ये संसर्गाचं प्रमाण इतर समलिंगी पुरुषांपेक्षा खूप जास्त होतं, आणि तरीही त्यांचं वागणं इतरांहून अधिक बेफिकीर नव्हतं. काही बाबतीत तर ते जास्तच सांभाळून वागत होते. फरक होता तो परिस्थितीत: उत्पन्न, विमा, उपचार वेळेवर मिळणं. ज्या छोट्या वर्तुळातून जोडीदार मिळतात त्यात विषाणू आधीच पसरलेला असेल आणि बाधितांपैकी अनेकांना औषध मिळत नसेल, तर एकच चूक महागात पडते. दुसऱ्या वस्तीतला, दुसऱ्या वर्तुळातला मुलगा तीच चूक दहादा करून सुटतो. म्हणून ‘जसं कराल तसं भराल’ हे वाक्य आमच्या कामात आम्ही कुणालाच म्हणू देत नाही.

याचीच दुसरी बाजू आशेची आहे. बाधित व्यक्तीने औषधं नियमित घेतली आणि रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर लैंगिक संबंधातून तिच्याकडून संसर्ग पुढे जात नाही. युरोपातल्या समलिंगी पुरुष जोडप्यांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असा एकही संसर्ग आढळला नाही. म्हणजे वर्तुळातल्या एकाचे उपचार नीट चालले की ज्यांना त्याचं नावही माहीत नाही अशा कितीतरी जणांचा धोका कमी होतो.

मग मित्रांमार्फतच काम का करू नये? ही कल्पना आमची नाही. 1991 साली अमेरिकेतल्या लहान शहरांमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. समलिंगी पुरुष जिथे जमत त्या बारमधल्या लोकप्रिय मंडळींना प्रशिक्षण दिलं आणि आपापल्या मित्रांशी बोलायला सांगितलं. धोकादायक संबंधांचं प्रमाण घटलं. पुढे हीच पद्धत चीन, भारत, पेरू, रशिया आणि झिम्बाब्वे या पाच देशांत वेगवेगळ्या समाजगटांमध्ये करून पाहिली. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत मात्र, जिथे अशी लोकप्रिय मंडळी नेमली होती आणि जिथे नेमली नव्हती, त्यांच्यात फरक दिसला नाही. सुधारणा दोन्हीकडे झाली. तपासणी, समुपदेशन आणि उपचार दोन्हीकडच्या सहभागींना मिळत होते, हे इथे विसरून चालणार नाही. यावरून आम्ही आमच्यापुरता घेतलेला धडा असा: मित्राने समजावलं, पण समजावल्यावर जायला जागाच नसेल तर ते बोलणं वाऱ्यावर जातं. बोलणारा हवा आणि दारही उघडं हवं. म्हणून दोन्हींसाठी एकत्र हात पसरतो आहोत.

पहिली गरज खोलीची. भाड्याची, छोटी, आडबाजूची, आत जाताना कुणाला दिसणार नाही अशी. संध्याकाळी काम सुटल्यावर उघडेल आणि रात्री उशिरापर्यंत चालू राहील. बाहेर एचआयव्हीची पाटी असणार नाही. आत रक्तदाब, साखर, त्वचेच्या तक्रारी, नोकरीच्या अर्जाला मदत असं बरंच काही चालेल, म्हणजे आत जाणारा प्रत्येकजण ‘त्याच कामासाठी’ आला असं होणार नाही.

दुसरी गरज सोबती कार्यकर्त्यांच्या मानधनाची. टोळक्यातला सगळ्यात मोठ्याने बोलणारा मुलगा आम्ही निवडत नाही. प्रत्येकाला एकांतात एवढंच विचारतो: रात्री अडचण आली तर पहिला फोन कुणाला करतोस? तीच नावं पुन्हापुन्हा येतात आणि बहुतेकदा ती अबोल मुलांची निघतात. या मुलांनी आजवर फुकट काम केलं आहे. सेवाभाव चांगलाच, पण घरभाडं सेवाभावाने भरता येत नाही.

तिसरी गरज साहित्याची. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये स्वतःची तपासणी स्वतः करण्याच्या किटची शिफारस केली. ज्या गटांना धोका जास्त आहे, त्यांच्यात ओळखीपाळखीतून तपासणी पोहोचवावी, ही शिफारस 2019 ची. मित्राने मित्राला दिलेलं किट घरी, दार लावून वापरता येतं. मात्र किटवर संसर्ग दिसला तर तेवढ्यावर काहीच ठरत नाही, पक्की तपासणी करावीच लागते. आणि संबंध नुकताच आला असेल तर ‘नाही’ या निकालाचा भरवसा धरू नये, तीन महिन्यांनी पुन्हा बघावं लागतं. हे समजावणारा माणूस किटबरोबर लागतोच. कंडोम आणि वंगण कायम लागतं, ते वेगळं सांगायला नको.

चौथी गरज तातडीच्या प्रवासखर्चाची. कंडोम फाटला, जबरदस्ती झाली, तर संसर्ग टाळण्याची औषधं लवकरात लवकर, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि पुढे 28 दिवस घ्यावी लागतात. शनिवारी रात्री घडलेली गोष्ट मुलगा सोमवारी संध्याकाळी सांगतो, तेव्हा हातात फार तास उरलेले नसतात. त्या वेळी वाहनाच्या पैशांवरून गोष्ट अडू नये.

संसर्ग होण्याआधीच घ्यायच्या प्रेपच्या औषधांबद्दलही विचारणा होते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आधी एचआयव्ही नसल्याची खात्री करूनच सुरू होतात. ज्यांची सुरू आहेत त्यांची अडचण भलतीच: बाटली खुळखुळते. घरात आवाज जाऊ नये म्हणून तीत कापूस कोंबणारी मुलं आम्ही पाहिली आहेत. सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या लेनाकापाविर इंजेक्शनची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने जुलै 2025 मध्ये केली. ते सर्वांच्या हाती येईपर्यंत साध्या, न वाजणाऱ्या डब्या कुणी दिल्या तरी मोठं काम होईल.

पैसे देणं शक्य नसेल तर वेळ द्या. आठवड्यातून एक संध्याकाळ देणारे डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक हवे आहेत. घरातून किंवा कामावरून काढलेल्यांसाठी कायद्याचा सल्ला देणारे वकीलही हवेत. फोनवर फिरणाऱ्या ‘रामबाण’ उपायांच्या चित्रफितींना मुलांच्याच भाषेत उत्तर देऊ शकणारे कुणी असतील तर तेही. ज्या ओळखींतून किट पोहोचतं त्याच ओळखींतून थापाही पोहोचतात, आणि त्या जास्त वेगाने.

वस्तीतल्या रहिवाशांकडे एक वेगळी मागणी आहे. खोलीत कोण येतं, कोण जातं, याची चर्चा करू नका. तुमचा मुलगा तिथे दिसला तर त्याला आल्या आल्या जाब विचारू नका.

देणगीदारांना हिशोब दर तिमाहीला मिळेल: भाडं, मानधन, साहित्य, प्रवास, असा बाबवार. किती जणांची तपासणी झाली हा आकडा देऊ. नावं, पत्ते, कोण कुणाचा मित्र, यातलं काहीही देणार नाही, आणि असा नकाशा आमच्याकडेही कागदावर नसतो. ‘आमच्या पैशातून कुणाला मदत झाली ते दाखवा’ अशी अट असेल, तर ती देणगी आम्ही नम्रपणे परत करू.

वस्तूरूपाने मदत करणाऱ्यांनी डब्यांवर, पिशव्यांवर एचआयव्हीची खूण म्हणून ओळखली जाणारी लाल फीत किंवा आपल्या संस्थेचं नाव छापू नये. पिशवी साधी, एकरंगी आणि आतलं न दिसणारी असावी.

आपले,
वस्ती आरोग्य गटाचे कार्यकर्ते