बाबा, तो मायक्रोमीटर आठवतो का?

कॉव्हेंट्री,
२२ फेब्रुवारी २०२६

ति. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. मीच फोन ठेवला आणि मग रात्रभर चुटपुट लागून राहिली. बाबा, तुमच्यावर मी आवाज चढवायला नको होता. मुद्दा मात्र मला सोडवत नाही. फोनवर दोघंही तापतो, म्हणून लिहायला बसले.

१९४५ साली बॉम्बफेकीत जळालेल्या जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहराला जाऊन आले ते मी सांगत होते, तर तुम्ही जर्मनांबद्दल म्हणालात, "त्यांनी केलं, त्यांनी भोगलं. त्यात रडायचं काय?" आणि त्याच दमात, "या चिन्यांनाही असाच एक दणका द्यायला पाहिजे. सरसकट शंभर टक्के कर लावायचा आणि बसायचं बघत." इंजिनाच्या सिलिंडर हेडचं काम निम्म्यावर आलंय, शिरोलीतल्या शेडमधलं एक व्हीएमसी, म्हणजे धातू कापणारं संगणकी यंत्र, दिवाळीपासून झाकून ठेवलंय, हे आईने मला आधीच सांगितलं होतं. त्यामुळे हा राग कुठून आलाय ते मला कळतं. तीस वर्षं ज्या इंजिनावर आपलं घर चाललं, ते इंजिनच नसलेली गाडी आता रस्त्यावर आली आहे, आणि तुमची मुलगी तिच्याच बॅटऱ्या तपासते. यावर तुम्ही मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत, हेही मी विसरलेले नाही.

मी राहते ते इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री गाव तुम्हाला आवडेल. आधी सायकली, मग मोटारी, मग विमानांची इंजिनं, अशी इथली चढती कमान. आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात खाली लेथ आणि वर बिऱ्हाड असतं ना, तसे इथले कारखाने घरांमध्ये मिसळलेले होते. म्हणूनच १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मनीची पाचशेच्या आसपास विमानं या गावावर आली. पौर्णिमेच्या सुमाराची रात्र होती, मोहिमेला नाव दिलं होतं 'मूनलाइट सोनाटा'. अकरा तास बॉम्ब पडत होते. ५६८ माणसं गेली. जुन्या कॅथीड्रलच्या नुसत्या भिंती उरल्या, त्या अजून तशाच उभ्या आहेत. छत नाही. पावसात मी तिथे कितीदा उभी राहिले आहे. उघड्यावरच्या वेदीमागे भिंतीत दोनच शब्द कोरलेत, 'फादर, फरगिव्ह'. देवा, क्षमा कर. कोणाला, ते लिहिलेलं नाही. 'त्यांना' हा शब्द मुद्दाम गाळलाय. तेव्हाचे प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी त्याच वर्षीच्या नाताळात रेडिओवरून सांगितलं होतं की कितीही जड गेलं तरी सूडाचा विचार आम्ही मनातून काढायचा प्रयत्न करतो आहोत.

आणि त्याआधी नऊच दिवस, १६ डिसेंबरच्या रात्री, ब्रिटिश विमानांनी मानहाइमवर बॉम्ब टाकले होते. कॉव्हेंट्रीचा वचपा म्हणून. निशाणा एखाद्या कारखान्यावर नव्हता, गावाच्या मध्यावर होता. मानहाइममधल्या ज्या बाईचं घर जळलं तिने कॉव्हेंट्रीचं काय केलं होतं, बाबा?

इथे आल्यावर मला आणखी एक गोष्ट कळली. १९४१ साली इंग्लंडमध्ये जनमत चाचणी घेतली होती, जर्मन शहरांवर सूड म्हणून बॉम्ब टाकावेत का अशी. ज्या लंडनने महिनोन् महिने बॉम्ब सोसले तिथे मत जवळजवळ निम्मं-निम्मं पडलं. 'टाका' म्हणणारे सगळ्यात जास्त निघाले ते विमानांच्या वाटेपासून दूर असलेल्या खेड्यापाड्यांत. ज्याने ढिगाऱ्याखालून शेजारी ओढून काढलाय, त्याला दुसऱ्याचा ढिगारा बघायची हौस राहत नसावी.

ड्रेस्डेनला १३ फेब्रुवारीला, रात्री पावणेदहाला, सगळ्या चर्चच्या घंटा वाजतात. १९४५ साली त्याच वेळी भोंगे वाजले होते. त्याआधी संध्याकाळी लोक एकमेकांचे हात धरून जुन्या शहराभोवती साखळी करतात. माझ्या एका हातात एका म्हाताऱ्या आजींचा हातमोजा होता, दुसऱ्या हातात कॉलेजातल्या मुलाचा. कोणी काही बोललं नाही. त्या दोन दिवसांत तिथे २५ हजारांपर्यंत माणसं मेली. पूर्वेकडून पळून आलेल्या निर्वासितांनी शहर भरलं होतं. तुम्ही म्हणाल, तिथे रेल्वेचं जंक्शन होतं, युद्धाचं सामान बनवणारे कारखाने होते. होते. मी नाकारत नाही. हिटलरशी लढणं न्याय्यच होतं, तेही नाकारत नाही. पण पहिल्या रात्री विमानांनी धरलं ते जुनं शहर, घरांची छपरं. आणि दीड महिन्याने खुद्द चर्चिलनेच आपल्या सेनाधिकाऱ्यांना लिहिलं की इतर सबबींखाली केवळ दहशत वाढवण्यासाठी शहरांवर बॉम्ब टाकायच्या प्रश्नाचा आता फेरविचार व्हायला हवा.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची. आजचे तिथले नाझी-भक्त हा आकडा फुगवून लाखांवर नेतात, म्हणजे मग जर्मनांनी केलेलं झाकलं जातं. २०१० मध्ये इतिहासकारांच्या आयोगाने एकेक कागद तपासून २५ हजारांपर्यंतचा आकडा ठरवला तो त्याचमुळे. खोटा आकडा हाही सूडाचाच एक प्रकार आहे, असं मला वाटतं. मेलेल्यांना मोजायचं ते नीटच मोजायला हवं.

फ्राउएनकिर्खे नावाचं तिथलं मोठं चर्च तेव्हा कोसळलं आणि २००५ साली पुन्हा उभं राहिलं. ढिगाऱ्यातले जुने दगड शक्य तिथे त्यांच्या मूळ जागी बसवलेत. पिवळट नव्या भिंतीत मध्येच काळे दगड. मला वाटलं जळून काळे झाले असतील. तिथला वाटाड्या म्हणाला, नाही, या दगडात लोह असतं, हवेने ते आपोआप काळं पडतं, नवे दगडही पडतील. मला लगेच तुम्ही आठवलात. पावसाळ्यात बाहेर ठेवलेल्या कास्टिंगवर बोट फिरवून तुम्ही सांगायचात, हे कधीचं आहे. आणि वरचा सोनेरी क्रॉस घडवला लंडनच्या ॲलन स्मिथ नावाच्या सोनाराने. त्याचे वडील ड्रेस्डेनवर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक होते. ती रात्र त्यांनी मुलाला सांगितली होती.

"मग सोडून द्यायचं का त्यांना?" असं तुम्ही विचारलंत. नाही, बाबा. युद्धानंतर न्युरेंबर्गच्या खटल्यात नाझी पुढाऱ्यांना सोडून दिलं नाही. एकेकाचं नाव घेऊन आरोप ठेवले, वकील दिले, कागद पुढे मांडले. १ ऑक्टोबर १९४६ ला निकाल लागला. बारा जणांना फाशी, सात जणांना कैद आणि तीन जण निर्दोष सुटले. हे तीन जण मला महत्त्वाचे वाटतात. सूडाच्या कोर्टात निर्दोष कोणी सुटत नाही. अर्थात तिथेही एक गोष्ट राहूनच गेली. शहरांवरच्या बॉम्बफेकीचा आरोप कोणावरच ठेवला नाही, कारण ते दोन्ही बाजूंनी केलं होतं.

हे मी कुठे शिकले, तर आपल्या शेडमध्ये. मी सातवीत होते. तुमचा जपानी मायक्रोमीटर, केसाहून बारीक माप घेणारं ते हत्यार, चोरीला गेला होता. भागीदारकाका म्हणाले, सगळ्या पोरांचे आठ-आठ दिवसांचे पैसे कापा, आपोआप निघेल. तुम्ही म्हणालात, "चोर सोडून संन्याशाला फाशी मी देणार नाही." तीन दिवस तुम्ही जुन्या हत्यारांच्या दुकानांतून फिरलात. तो सापडला, कोणी विकला तेही कळलं. त्या एकाचेच पैसे कापलेत, त्याच्याकडूनच तो परत आणवलात आणि त्याला कामावर ठेवलंत. आज तोच सेटिंगला उभा असतो. ड्रेस्डेनबद्दल "भोगलं ते भोगलं" असं तुमच्या तोंडून आलं तेव्हा मला हे माझे बाबा वाटले नाहीत, म्हणून मी चिडले.

आता चिन्यांचं. युरोपनेही चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर जादा कर लावला, पण कसा ते बघा. आधी वर्षभर चौकशी केली, कोणत्या कंपनीला सरकारकडून किती मदत मिळते याची. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये नेहमीच्या दहा टक्क्यांवर जादा कर लावला: चिनी कंपन्यांपैकी बीवायडीला १७ टक्के, गीलीला १८.८ आणि एसएआयसीला ३५.३. शांघायमध्ये बनणाऱ्या टेस्लाला ७.८. ज्याने माहिती दिली नाही त्याला सगळ्यात जास्त. त्याच वर्षी अमेरिकेने मात्र सरसकट १०० टक्के लावले. पहिल्यात मोजमाप आहे. तुम्ही जन्मभर मोजमापावर जगलात, तुम्हाला दुसरं कसं पटतं?

आणि सरसकट म्हटलं की सुक्याबरोबर ओलंही जळतं. चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीतले सेल बीवायडीचे आहेत. तुमच्या मित्रांनी बुक केलेली विंडसर ही इलेक्ट्रिक गाडी ज्या एमजीची, ती मूळची इथल्या ऑक्सफर्डची कंपनी, आज भारतात एसएआयसी आणि जिंदाल यांची भागीदारी. इथली काळी टॅक्सी कॉव्हेंट्रीजवळ बनते, मालक गीली. जॅग्वार इथली, मालक आपले टाटा. यात चिनी काय नि आपलं काय ते सुटं करून दाखवा. बीवायडी १९९५ मध्ये बॅटऱ्या बनवणारी कंपनी म्हणून सुरू झाली, गाड्या नंतर आल्या. महागडं निकेल-कोबाल्ट टाळून लोह आणि फॉस्फेटचे सेल स्वस्तात बनवायला ते शिकले. सरकारचा हात डोक्यावर होता हे खरं, पण शिकलेही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने मोटरच्या चुंबकांची निर्यात अडवली तेव्हा आपल्याकडच्या कारखान्यांची धावपळ झाली, तो अन्याय मलाही बोचला. त्याला उत्तर चुंबक आपण बनवणं हेच आहे. टाटांचंच बघा, देशातल्या दर दहा इलेक्ट्रिक गाड्यांपैकी सात त्यांच्या असायच्या, आता निम्म्याही नाहीत. ती जागा घेणाऱ्यांत महिंद्राही आहेत. त्याला दणका म्हणायचं का?

आई, तुला एक विचारायचंय. आजी उचगावची. लहानपणी वळिवड्याच्या कॅम्पातल्या पोलिश बायका अंडी-भाजी घ्यायला यायच्या असं ती सांगायची. उजळाईवाडीच्या विमानतळावरून विमान उडालं की त्यातली एक बाई पोरांना घट्ट धरून आंब्याखाली आडवी व्हायची आणि गावची पोरं हसायची, असं ती सांगायची ना? १९४३ ते ४८ ती पाच हजार पोलिश निर्वासित माणसं आपल्याकडे राहिली. मग त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं. आजी म्हणायची, "आम्हाला काय ठाऊक, वरून काय पडतं ते." त्या बाईचं नाव तिला आठवत होतं का? तुला आठवत असेल तर लिहून ठेव. आणि बाबांना एकदा महावीर उद्यानातल्या त्या पोलिश स्तंभापाशी घेऊन जा, सकाळच्या फिरण्यात वाटेवरच आहे.

बाबा, व्हीएमसी विकू नका. इंजिन गेलं तरी गाडी थांबवायला आणि वळवायला लोखंड लागणारच. ब्रेक डिस्क, हब, नकल हे चाकाजवळचे भाग कुठे जात नाहीत, आणि बॅटरीच्या वजनाने इलेक्ट्रिक गाडी जड असते. ट्रॅक्टर आणि ट्रकचं काम अजून बरीच वर्षं चालेल. पण इलेक्ट्रिक मोटरचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, एकदा बघाच. ॲल्युमिनियमचं, पातळ भिंतीचं, आत पाण्याचे मार्ग. हाउसिंग तापवून त्यात स्टेटर, म्हणजे मोटरचा न फिरणारा भाग, बसवतात, त्यामुळे बोअर, म्हणजे आतल्या भोकाचं माप, मायक्रॉनमध्ये धरावा लागतो. असं काम हाताला जमणारी माणसं शोधावी लागतात आणि ती तुमच्याकडे आहेत. लीक टेस्टचं यंत्र लागेल, त्याची किंमत मी विचारून ठेवली आहे.

सोबत एका हाउसिंगचं साधं ड्रॉइंग पाठवते, माझ्याच हातचं, कोणत्या कंपनीचं नाही. तुमच्या त्या जुन्या फिक्स्चरवर, म्हणजे काम पकडून ठेवणाऱ्या साच्यावर, बसेल का ते बघा आणि फिक्स्चरची मापं कळवा. मायक्रोमीटरनेच घ्या, टेपने नको.

तुमची,
मीनल