कुंभार्ली घाटमाथ्यावरच्या मिस्त्री मामांना

मामा, नमस्कार.

मे महिन्यातल्या एका दुपारी चिपळूणहून कराडला निघालेली पांढरी मारुती ८०० वाफा सोडत तुमच्या दारात येऊन थांबली होती. सोबत माझी आई होती. त्या दिवशी तुम्ही फक्त १५० रुपये घेतलेत आणि मला धड आभारही मानू दिले नाहीत, म्हणून हे पत्र.

गाडी १९९७ची, माझ्या वडिलांची. ते गेल्यावरही मी ती विकली नाही. वर्षभर ती तापत होती. दर चार दिवसांनी रेडिएटरमध्ये पाणी ओतायचे, पण खाली जमिनीवर कधी थेंब दिसला नाही. आमच्याकडच्या एका गॅरेजात दोन मिनिटांत निकाल लागला होता: पाणी इंजिन पितंय, हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांच्यामधली सील) गेलं, १८,००० रुपये लागतील, नाहीतर भंगारात द्या. बाबांची गाडी भंगारात, या विचाराने मी दोन रात्री झोपले नव्हते.

तुम्ही आल्या आल्या काहीच उघडलं नाहीत. माझा हात रेडिएटरच्या झाकणाकडे गेला तेव्हा मात्र ओरडलात, "हात लावू नका ताई, भाजाल!" आईला सावलीत खुर्ची दिलीत आणि इंजिन गार होईपर्यंत मला विचारत राहिलात. फक्त चढाला तापते की सपाटीलाही? सकाळी गार इंजिनवर पाणी बघता का? पाणी कमी होतं तेव्हा रेडिएटरला जोडलेल्या बाजूच्या बाटलीत किती असतं?

हा शेवटचा प्रश्न मला वर्षभरात कुणी विचारला नव्हता. बाटली कायम काठोकाठ असायची, म्हणून मी निर्धास्त होते.

धागा तिथेच हाती लागला होता, तरी तुम्ही खात्री करून घेतलीत. रेडिएटर भरून, झाकण न लावता इंजिन चालू केलंत आणि पाण्याकडे टक लावून उभे राहिलात. बुडबुडे आले नाहीत. पट्टीवरचं ऑइल दाखवलंत, ते दुधाळ झालेलं नव्हतं. म्हणजे हेड गॅस्केट शाबूत होतं. रेडिएटरच्या फॅनच्या स्विचच्या वायरी जोडून पाहिल्यात, फॅन लगेच फिरला. मग ते झाकण माझ्या तळहातावर ठेवलंत. रबर दगडासारखं कडक, चिरा पडलेलं. "कुकरचं रबर गेल्यावर शिट्टी होती का?"

चांगलं झाकण ०.९ बार दाब धरतं, म्हणून पाणी १०० अंशांना न उकळता ११८च्या आसपास तग धरतं. माझ्या झाकणात दाब टिकतच नव्हता. चढाला पाणी उकळून बाटलीत जायचं, तिथून रस्त्यावर सांडायचं. आणि गार झाल्यावर ते परत ओढून घेणारी झाकणातली बारकी झडपही अडकलेली. बाटलीखालचे सुकलेले पांढरे ओघळ तुम्ही बोटाने दाखवलेत, तेव्हा मला ते पहिल्यांदा दिसले.

मामा, तुम्ही इंजिन खोलायचं म्हटलं असतं तर मी पैसे दिले असते. मला त्यातलं काही कळत नव्हतं, आणि ते तुम्हाला दिसत होतं. तरी तुम्ही तासभर उन्हात उभं राहून मला एकेक गोष्ट समजावलीत. काटा वर जाताच मी गाडी थांबवत होते हे ऐकून म्हणालात, "बरं केलंत, हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतंय, जास्त तापलं की वाकतंय." त्या एका वाक्याने जिवात जीव आला.

तुम्ही नवं झाकण बसवलंत, त्यानंतर तीनदा घाट चढले. काटा निम्म्याच्या वर गेला नाही. रात्री गाडी लावते तेव्हा बाटलीतलं पाणी वर चढलेलं असतं, सकाळी खुणेपाशी उतरलेलं. मी रोज बघते.