फुटाण्यांची पुडी घेऊन बसलेल्या काकांना

काका,

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे असं उघड पत्र. सोनोग्राफीसाठी दीड लिटर पाणी पिऊन, पाय आवळून तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलेला पेशंट तो मी.

माझ्या जुन्या रिपोर्टवर ‘लेफ्ट रीनल कॅल्क्युलस, 6 मिमी’ असं होतं, म्हणजे डाव्या मूत्रपिंडात मुतखडा. ते वाचून बारावीच्या गणितात कॅल्क्युलस शिकणाऱ्या लेकीने आदल्या रात्री घर डोक्यावर घेतलं होतं, “बाबा, माझा कॅल्क्युलस तुमच्या पोटात कसा?” वेळ जावा म्हणून मी हे तुम्हाला सांगितलं आणि तुमच्यातला निवृत्त गणिताचा मास्तर जागा झाला.

कॅल्क्युलस म्हणजे लॅटिनमध्ये बारका खडा, तुम्ही म्हणालात. ‘कॅल्क्स’ म्हणजे चुनखडी, खडा. त्याचं हे लहान रूप. आपल्याकडे गोटा आणि गोटी, तसं. मग माझ्या फाइलवर पेनने तीन उभे रकाने आखलेत, एकं-दहं-शतं लिहिलंत आणि पुडीतले फुटाणे मांडलेत. रोमन लोक असेच खडे मांडून हिशेब करायचे. एकंच्या घरात दहा जमले की ते उचलायचे आणि शेजारी एक ठेवायचा. “हाच आपला हातचा,” म्हणत उचललेले दहाही फुटाणे तुम्ही तोंडात टाकलेत. भरल्या पोटी हसू आवरणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

खड्यांवरून मोजणी, मोजणीवरून कॅल्क्युलेटर. जर्मन गणिती लायब्निझने 1684 मध्ये कलनावरचा, म्हणजे लेकीच्या कॅल्क्युलसवरचा, पहिला लेख छापला तो लॅटिनमध्येच, आणि हा शब्द त्याच्या शीर्षकात ‘हिशेबाची रीत’ म्हणून बसला. वैद्यांनी मात्र मूळ अर्थ सोडलाच नाही. पहिल्या शतकातला रोमन वैद्यकलेखक केल्सस मूत्राशयातल्या खड्याला कॅल्क्युलसच म्हणतो. म्हणजे लेकीचा उसना, माझा अस्सल! मी चेकाळून विचारलं, मग आपला खडू आणि खडा एकाच घरचे का? तुम्ही डोळे वटारलेत, “नुसत्या आवाजावरून सोयरीक जुळवू नका.”

पाऊण तास मी बाथरूमकडे बघितलंसुद्धा नाही. आभार त्याचेच. नाव पुकारलं, मी आत गेलो, बाहेर आलो तर तुमची खुर्ची रिकामी.

नवव्या दिवशी खडा पडला, चहाच्या जुन्या गाळणीत. (ती गाळणी आता बाद.) तपासायला दिला तर कॅल्शियम ऑक्झलेट निघाला. सवय तुम्हीच लावलीत, म्हणून शब्दकोश काढला. 1808 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने चुन्यातून कॅल्शियम हा धातू वेगळा केला आणि त्याचं नाव ठेवलं त्याच ‘कॅल्क्स’वरून! माझ्या खड्याचं नावही चुनखडीचं आणि आतला ऐवजही. हे तुम्हाला कधी एकदा सांगतो असं झालं होतं.

लेकीला सांगितलं, तर म्हणाली, “हे पेपरात येणार नाही.”

तुमचा,
6 मिमीवाला