पिवळ्या दिव्याबद्दल नव्हे

सातारा, बुधवार रात्र

चि. मनीस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू तणतणत गेलीस आणि पेढ्यांचा पुडा फ्रिजवरच राहिला. आई दोन दिवस त्याला हात लावू देत नव्हती. काल मीच एक खाल्ला. कंदी पेढा शिळा होत नाही म्हणतात, पण तेवढा रुचला नाही.

फोनवर बोलायला गेलो की माझा आवाज चढतो, मग तुझा चढतो, मग आई फोन काढून घेते. म्हणून लिहितोय. तुझ्या गाडीतल्या त्या टायरच्या हवेच्या दिव्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. बघू.

नोकरीचं खरंच छान झालं. पाटलांच्या वहिनींना सांगितलं, पोस्टमनलाही सांगितलं. बंगळूर ऐकल्यावर सगळे विचारतात, विमानाने जाणार का? मी सांगतो, नाही, गाडी घेऊन जाणार, एकटी. सांगताना छाती फुगते आणि घरी येईपर्यंत पोटात गोळा येतो. पुण्याहून आठशेच्या वर किलोमीटर, आणि समोर तो पिवळा दिवा लागलेला.

आलाच बघ.

आधी माझी चूक कबूल करतो. सोमवारी बंटीच्या टायरच्या दुकानात जाऊन बसलो. त्याला म्हटलं, मनीच्या गाडीत घोड्याच्या नालासारखं चित्र येतं, मधे उद्गारचिन्ह. तो म्हणाला, मामा, चालू केल्यावर आधी लुकलुकतं का? मी म्हटलं, हो, मिनिटभर, मग लागून राहतं. तर म्हणे हवा कमी झाली असती तर लुकलुकला नसता, सरळ लागला असता. लुकलुकून लागतो तेव्हा बिघाड त्या यंत्रणेतच असतो. एखाद्या चाकाचा सेन्सर मेलाय. तू रविवारी हेच सांगत होतीस. "आप्पा, आधी लुकलुकतो, नीट ऐका," म्हणालीस, आणि मी म्हटलं लुकलुकू दे नाहीतर नाचू दे. चुकलं माझं.

बंटीने एक जुना सेन्सर हातात दिला. काडेपेटीएवढा डबा, रिमच्या आत व्हॉल्वच्या बुडाला बसतो. चाक थांबलं की झोपतो, फिरायला लागलं की जागा होतो, आतली हवा मोजून गाडीला कळवतो. त्याने तो फोडून दाखवला. बटण-सेल लाखेसारख्या मसाल्यात पुरलेला, काढून दुसरा घालायची सोयच नाही. पाच ते दहा वर्षं चालतो, मग अख्खा सेन्सर बदलायचा. तुझी गाडी सात वर्षांची. एक गेलाय, बाकीचे तीन रांगेत. आम्ही ट्रकच्या मागच्या जोडटायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, मारून बघायचो. भरलेला टायर टण्ण वाजायचा, आतला बसला असला की भद्द. ड्रायव्हर चहा पीत असायचा तोवर क्लीनर चारही बाजू वाजवून यायचा. आमचा सेन्सर तोच, आणि त्याला सेल लागत नव्हता.

पण मनी, दिवा खोटं बोलतोय हे पटलं तरी माझी झोप परत आली नाही. सेन्सर मेला याचा अर्थ तुझ्या टायरकडे आता कुणी बघत नाही. दिवा आधीच लागलेला आहे, मग खरंच हवा गेली तर तो वेगळं काय करणार? आणि धड असता तरी तो उशिराच बोलतो. अमेरिकेत २००७ च्या सप्टेंबरपासून सगळ्या नव्या मोटारींना हे सक्तीचं आहे, आणि तिथला नियम आहे हवा २५ टक्के उतरली की दिवा. म्हणजे ३३ पौंडांची २५ होईपर्यंत तो गप्प बसू शकतो. कमी हवेच्या टायरची बाजू दर फेऱ्याला दुमडते, दुमडून दुमडून तापते, आणि उन्हात, भरल्या गाडीत, शंभरच्या वेगात एकदा बोलते ती शेवटचंच.

घाबरवायचं नव्हतं. खोडणार होतो हे वाक्य, पण शाई पसरेल.

चारही सेन्सर एकदमच बदल. टायर रिमवरून उतरवावाच लागतो, त्याची मजुरी चारदा कशाला. नवे बसवल्यावर गाडीला त्यांची ओळख करून द्यायला सांग, नाहीतर दिवा तसाच. त्या ॲल्युमिनियमच्या व्हॉल्वला पितळी पिन आणि पितळी टोपण बसवू देऊ नकोस, चिकटून बसतं आणि मग काढताना व्हॉल्वच तुटतो. टोपण प्लास्टिकचंच बरं. पंक्चरसाठी टायरमध्ये ओततात ते द्रवही नको, सेन्सरचं छिद्र बुजतं.

शिवाय गाडी गल्लीतून मागे घेताना तू स्टेअरिंग पूर्ण वळवलंस तेव्हा डाव्या चाकातून कट-कट-कट आवाज आला. तू रागात होतीस, काचा बंद होत्या. मी फाटकात उभा होतो, मला आला. एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा रबरी बूट, आतलं ग्रीस धरून ठेवतो तो, चिरला असणार. चाकाच्या आतल्या अंगाला ग्रीस उडालंय का ते बघ. नुसता बूट चिरलाय तोवर बूट, ग्रीस आणि दोन क्लिपांत काम भागतं. आवाज यायला लागला म्हणजे आत माती गेली, आता जॉइंट खोलूनच बघायला हवा. गॅरेजवाला "चालतंय मॅडम" म्हणाला तर त्याच्याशी माझं बोलणं करून दे. नको, मी ओरडेन. तूच बोल. तुला येतं.

तुला येतं हे मी विसरतोच. नऊ वर्षांची असताना गॅरेजातल्या जीपखाली शिरून प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला, त्या चार तोंडांच्या सांध्याला, ग्रीस मारायचीस. गन तुझ्या हातात मावत नव्हती, छातीशी धरून दाबायचीस, आणि ओरडायचीस, "आप्पा, तीन तोंडांनी आलं, चौथ्याने येत नाही!" चारही तोंडांनी येईस्तोवर बाहेर यायची नाहीस. माझ्याकडची मोठी पोरं दोन तोंडांवर समाधान मानायची. सातवीत असताना कुठून तरी वाचून आलीस की स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या एका रस्त्याच्या नावावरून आलाय, आणि आठवडाभर वाढे फाट्यावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला ते ऐकवलंस. त्या मुलीला मी रविवारी म्हटलं, तुला गाडीतलं काय कळतं.

आणि तू म्हणालीस, तुमचे हात आता पान्यावर राहत नाहीत, तुम्ही नका सांगू. खरं तेच बोललीस. त्याचं काही नाही.

एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. आईलाही नाही. १९९८ साली तू झालीस त्या दिवशी मी एका मॅटाडोरचं पुढचं चाक बसवत होतो. नट हाताने फिरवून लावले होते, पान्याने आवळायचे राहिले होते, आणि दवाखान्यातून निरोप आला. तसाच पळालो. गाडीवाला येऊन गाडी घेऊन गेला. लिंब फाट्याच्या अलीकडे चाक हलायला लागलं, त्याने आवाज ओळखून गाडी बाजूला घेतली म्हणून निभावलं. नट बसतात ते दोन स्टड तुटले होते. संध्याकाळी तो मला मारायलाच आला होता. मी गॅरेजात पेढे वाटत होतो. मुलगी झाली की बर्फी वाटतात, मी पेढे वाटले, त्यावरून आत्या वर्षभर बोलत होती. त्याने पुड्याकडे बघितलं, एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, पोरीच्या नशिबाने वाचलो. तेव्हापासून कुठलीही गाडी गेटबाहेर पडली की मी मनातल्या मनात नट मोजतो. रविवारी तुझेही मोजले. खंबाटकीच्या बोगद्याच्या पुढच्या त्या एस वळणावरून तू उतरली असशील तेव्हा साधारण तिसऱ्यांदा मोजत होतो. तुझा "पोहोचले" एवढाच मेसेज पावणेअकराला आला. त्यात "आप्पा" नव्हतं, पण मेसेज होता.

टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. तुझ्या पुढच्या दोन्हींवर १४१९ आहे, २०१९ सालचा चौदावा आठवडा. नक्षी शिल्लक दिसते म्हणून फसू नकोस, रबर म्हातारं होतं. दोन टायरचे पैसे आईच्या खात्यातून पाठवले आहेत. परत पाठवलेस तर आईशी भांड, माझा संबंध नाही. हवा सकाळी गाडी हलायच्या आत बघायची, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर आकडा चिकटवलेला असतो, तेवढीच. पळून तापलेल्या टायरची हवा तीन-चार पौंड जास्त दाखवते. ती बघून हवा सोडायची नाही, कधीच नाही.

पुरे. याद्या पाठवू नका म्हणाली होतीस.

शुक्रवारी साताऱ्यात न थांबता सरळ कोल्हापूर गाठणार, असं तू आईला सांगितलंयस. ठीक आहे, उशीर होतो, कळतं. फक्त एवढंच, की चारही चाकं खोलून बसवली की पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून बघायचे असतात. हे माझं नाही, गाड्यांच्या पुस्तकांतही लिहिलेलं असतं. पुण्याहून आपला साताऱ्याचा बॉम्बे रेस्टॉरंट चौक शंभर-एकशेदहावर येतो. आणि गरम चाकाचे नट आवळायचे नसतात, निवू द्यावं लागतं. घाट चढून आलेलं चाक निवायला तासभर तरी लागेल. तेवढ्यात घरी चहा होतो. आई थालीपीठं लावणार आहे, तिचं ठरलंय.

टॉर्क रेंच, ठरलेल्या जोरानेच नट आवळायचा पाना, बंटीकडून आणून ठेवतो. आकडा तुझ्या गाडीच्या पुस्तकात बघून ये. एकाआड एक आवळायचे, गोलात नाही, ते तुला माहीत आहे. रेंच तू धर. मी शेजारी उभा राहून नुसते मोजतो.

आप्पा