आधी मोजणाऱ्या मिस्त्रीभाऊंस

आदरणीय मिस्त्रीभाऊ,

सादर नमस्कार.

आपले आणि आपल्या दुकानाचे नाव कुठेही छापू नये, असे आपण बजावले होते. त्याप्रमाणे दोन्ही वगळून, नागपूरलगतच्या वाडीतल्या आपल्या शेडमध्ये आमच्या जुन्या ट्रकचे जे काम झाले त्याबद्दल हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. काम रेस सेन्सरचे, म्हणजे ॲक्सिलरेटर पेडलला बसवलेल्या सेन्सरचे होते आणि तो भाग मुठीत मावेल एवढाच. तरीही खासगीत आभार मानून थांबावेसे वाटले नाही, कारण एक-दोन जुन्या गाड्यांवर धंदा करणारे आमच्यासारखे मालक नागपुरात पुष्कळ आहेत आणि अशी तक्रार त्यांच्याही गाड्यांत येऊ शकते.

कळमन्यातून मृग बहाराची संत्री भरून रायपूरकडे निघालेली गाडी साकोलीच्या पुढे एकाएकी रेस घेईनाशी झाली. इंजिन चालू, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागलेला आणि पेडल तळापर्यंत दाबले तरी गाडी जेमतेम सरकायची. चावी बंद करून पुन्हा चालू केली की काही अंतर ती बरी चालायची. त्याखेरीज सपाट रस्त्यावर एका गतीने जाताना मधूनच आचका बसतो, अशी चालकाची कुरकुर आधीपासून होतीच. आपल्याकडे येईपर्यंत डिझेल फिल्टर बदलून झाले होते. एका ठिकाणी हाय प्रेशर पंप उघडण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या ठिकाणी स्कॅनरवर ‘पेडलचे दोन सिग्नल जुळत नाहीत’ असा दोष वाचून थेट ईसीएम, म्हणजे इंजिनचा कारभार पाहणारा संगणक, बदलण्याचा. त्या दुसऱ्या सल्ल्याचा आकडा ऐकून गाडी विकून टाकण्यापर्यंत घरात बोलणे गेले होते.

आपणही स्कॅनरवर तोच दोष वाचला, पण कशालाही पाना न लावता आधी मीटर काढले आणि मोजता मोजता मला व चालकाला सगळे समजावूनही सांगितले. पूर्वीच्या गाड्यांत पेडलपासून पंपापर्यंत दांडी किंवा तार असे. आमच्या कॉमन रेल इंजिनात मात्र पेडल किती खाली गेले हे केवळ व्होल्टच्या रूपाने ईसीएमला कळते आणि डिझेल किती सोडायचे ते तो ठरवतो. एकाच सिग्नलवर एवढा भरवसा ठेवणे धोक्याचे असल्यामुळे सेन्सरमध्ये सिग्नल देणाऱ्या कार्बनच्या दोन स्वतंत्र पट्ट्या असतात. प्रत्येकीला ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ (म्हणजे निगेटिव्ह) आणि सिग्नल अशा तीन तारा, म्हणून कपलरमध्ये, म्हणजे तारा जोडणाऱ्या सॉकेटमध्ये, एकूण सहा. आमच्या गाडीत पाय वर असताना पहिल्या पट्टीचा सिग्नल सुमारे ०.७५ व्होल्ट आणि दुसरीचा त्याच्या निम्मा असायला हवा, आणि पेडल दाबत नेले तरी हे दुपटीचे प्रमाण टिकायला हवे. ते बिघडले की ईसीएम दोन्ही सिग्नलांवर अविश्वास दाखवतो आणि इंजिनची ताकद बांधून टाकतो.

पहिली पट्टी बरोबर ०.७५ दाखवत होती, पण दुसरी ०.३८ ऐवजी ०.५६. इथे बहुतेकांनी सेन्सर खराब म्हणून निकाल दिला असता. आपण मीटरची एक सुई कपलरच्या मागून दुसऱ्या पट्टीच्या अर्थच्या पिनेला आणि दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, तेव्हा जिथे जवळजवळ शून्य असायला हवे तिथे ०.२ व्होल्ट निघाले. म्हणजे त्या पट्टीचा पायाच वर उचलला गेला होता, मग सिग्नलही वर जाणारच. पावसाळ्यातले ओले बूट, केबिन धुताना मॅटिंगखाली मुरणारे पाणी आणि त्यातून पिनेवर चढलेला हिरवा गंज हे सगळे आपण कपलर उघडून दाखवले. तारेचे आवरण टोचून मोजू नये, त्या भोकातून पाणी शिरते आणि पुढच्या वर्षी तार आतून सडते, हे आपले वाक्य चालकाने स्वतःच्या वहीत लिहून ठेवले आहे.

पण पिन बदलून दोन्ही सिग्नल जुळले तरी आपण थांबला नाहीत, आणि मला सर्वाधिक कृतज्ञता वाटते ती याचीच. आचक्याची तक्रार अजून शिल्लक आहे, असे म्हणत आपण कपाटातून जुना काट्याचा मीटर काढला. डिजिटल मीटर थांबून थांबून आकडा दाखवतो, त्यामुळे क्षणभराची घसरण त्यात हरवते. काटा मात्र लगेच हलतो. चावी चालू, इंजिन बंद ठेवून चालकाने पेडल अगदी सावकाश दाबत नेले आणि पाव ते अर्ध्या दाबाच्या दरम्यान काटा एका जागी खाली पडून पुन्हा वर आला. हायवेवर चालकाचा पाय तासन्‌तास तिथेच असतो. जुन्या वाड्याच्या पायऱ्या जशा मधोमध झिजतात, तशी कार्बनची पट्टी नेमकी तेवढ्या भागात झिजली होती.

थोडक्यात, दोष दोन होते. नुसता सेन्सर बदलला असता तर गंजलेल्या पिनेमुळे ईसीएमने गाडी पुन्हा बांधली असती आणि नवा सेन्सर घालूनही दोष जात नाही म्हटल्यावर ईसीएमवरच बोट ठेवले गेले असते. नुसती पिन बदलली असती तर आचका कायम राहिला असता. आमच्या पेडलवर सेन्सर वेगळा, दोन स्क्रूंनी बसतो, त्यामुळे पूर्ण पेडल घेण्याचीही गरज नाही, हेही आपणच सांगितलेत. सेन्सर बसवल्यावर आपण पुन्हा दोन्ही सिग्नल मोजले, साठवलेला दोष पुसला आणि गोंडखैरीपर्यंत स्वतः शेजारी बसून आलात. त्यानंतर गाडी भरलेल्या मालासह रायपूरला जाऊन आली. दिवाही लागला नाही आणि आचकाही बसला नाही.

आता एक तक्रार, आणि ती आपल्याविरुद्ध आहे. बिलात आपण सेन्सर, पिन आणि बसवण्याची मजुरी एवढेच लावलेत. तपासणीत गेलेल्या वेळाबद्दल विचारले तर ‘मोजायचे काय पैसे घ्यायचे’ म्हणून हसलात. भाऊ, त्या दिवशी खरे काम मोजण्याचेच झाले. सेन्सर बसवायला तर आपल्या हाताखालच्या मुलाला चहा येईपर्यंतचा वेळही लागला नाही. तपासणीचे पैसे कोणी मागत नाही आणि आम्ही मालकही देत नाही, म्हणूनच पार्ट बदलून बदलून दोष शोधण्याची पद्धत पडली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेव्हा आरटीओच्या फिटनेस तपासणीआधी गाडी पुन्हा आपल्याकडे येईल तेव्हा तपासणीची मजुरी बिलात पहिल्या ओळीत लिहावी, ही विनंती. ती लिहिल्याशिवाय मी बिल घेणार नाही.

काढलेला जुना सेन्सर मी मुद्दामच आपल्याकडे सोडला आहे. काट्याच्या मीटरवर ती घसरण कशी दिसते, हे शेडमधल्या मुलांना त्यावर दाखवता येईल.

आपला कृतज्ञ,
एक ट्रकमालक, नागपूर