पोरांना पैशाचं शिकवणारा रविवारचा वर्ग बंद पडू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमळनेरला कॉलेजच्या रस्त्यावर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, सतरा वर्षं झाली. स्कॉलरशिप, पॅनकार्ड, भरतीचे अर्ज, रिझल्टची प्रिंट, सगळं इथेच होतं, त्यामुळे गावातली आणि आजूबाजूच्या खेड्यातली अठरा-वीस वर्षांची पोरं रोज डोळ्यासमोर असतात आणि पैशाच्या बाबतीत ती किती कोरी आहेत हे त्यांच्या घरच्यांपेक्षा मला जास्त दिसतं.

मागच्या पावसाळ्यात एक पोरगा आला, बी.ए. दुसऱ्या वर्षाचा. स्कॉलरशिप का जमा होत नाही बघा म्हणाला. बँकेत पाठवलं तर कळलं खातं गोठवलंय, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांचं पत्र आलंय. झालं असं होतं की ओळखीच्या एकाने तीन हजार रुपये देतो सांगून त्याचं पासबुक, एटीएम आणि त्याच्या नावाचं नवीन सिम दोन महिन्यांसाठी मागून घेतलं, आणि त्या खात्यातून कोणाकोणाचे लुबाडलेले पैसे फिरले. पोराला वाटलं आपलं खातं तर रिकामंच असतं, वापरलं कोणी तर आपलं काय जातं. काउंटरला टेकून उभा होता, पासबुकाचं कव्हर हाताच्या घामाने ओलं झालेलं, आणि हळूच म्हणाला, "अण्णा, आते काय करू?" बाप सुरतला कामाला, त्याला अजून सांगितलेलं नव्हतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्याला मी ज्यांच्याकडे पाठवलं त्यांच्याबद्दलच हे पत्र आहे. आमच्या तालुक्यात एक छोटी संस्था गेली तीन वर्षं दर रविवारी दहावीच्या पुढच्या पोरापोरींना फुकट शिकवते, बँक, कर्ज, पगार, विमा, मुलाखत, अर्ज कसा लिहायचा, असलं सगळं. नाव मुद्दाम लिहीत नाही, जाहिरात वाटायला नको. त्या लोकांनी या पोराला 1930 म्हणजे सायबरची हेल्पलाइन काय असते तिथपासून सांगितलं, पोलिसांना द्यायचा जबाब नीट लिहून घ्यायला मदत केली, बापाशी फोनवर बोलले. प्रकरण अजून चालू आहे, पण पोरगा कॉलेज सोडून पळाला नाही.

मी स्वतः दोन-तीन रविवार मागे बसून बघितलं. शिकवणारे एक रिटायर झालेले बँकवाले काका आहेत, फळ्यावर एवढंच लिहिलं, बाईकचं कर्ज 80,000, व्याज 12 टक्के फ्लॅट, 3 वर्षं. मग पोरांनाच हिशोब करायला लावला. व्याज 28,800, हप्ता साधारण 3,022. पोरं म्हणाली ठीक आहे की, 12 टक्केच तर आहे. काका म्हणाले, अरे तू दर महिन्याला मुद्दल फेडतोय ना, मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पण पूर्ण 80,000 वर व्याज कशाचं? घटत्या शिलकीवर धरलं तर हेच व्याज 21 टक्क्यांच्या आसपास जातं. वर्गात एकदम शांतता. मागच्या बाकावरच्या एका पोरीने वहीत ते दोनदा लिहिलं, आणि पुढच्या महिन्यात बापासोबत शोरूमला जाऊन तिने विचारलं, फ्लॅट का रिड्युसिंग, म्हणजे घटत्या शिलकीवर? तिच्या वडिलांनी मला दुकानात येऊन सांगितलं, म्हणे पोरीने तोंड उघडलं म्हणून आम्ही सोसायटीच्या लोनला गेलो. कपाशीच्या पैशावर घर चालवणारा माणूस, सांगताना गळा दाटला होता त्याचा.

नोकरीचं पण तसंच. एक पोरगा माझ्याकडे नमुना घेऊन आला, मला नोकरीसाठी असा बायोडेटा करून द्या, आणि हातात होता मोठ्या भावाच्या लग्नाचा बायोडेटा, रास, गण, नाडी, मामाकडचं कूळ सगळं असलेला. त्याची काय चूक, घरात तेवढा एकच बायोडेटा त्याने पाहिलेला. चाकणला, सुरतला ठेकेदाराकडे लागणारी आपली पोरं पगाराची स्लिप मागत नाहीत, पीएफ कापला जातो का, यूएएन म्हणजे पीएफचा कायमचा नंबर काय आहे हे विचारत नाहीत, काम सुटलं की हक्काचे पैसे तिथेच राहतात. अप्रेंटिसशिप असते, त्यात विद्यावेतन मिळतं हे आयटीआयच्या पोरांना तरी माहिती असतं, बी.ए.-बी.कॉम.वाल्यांना ते पण नाही.

काही लोक म्हणतात पोरांना पैशाची हाव कशाला शिकवायची. मला पटत नाही. हाव मोबाईल शिकवतोच आहे. ऑप्शन ट्रेडिंगचे, म्हणजे शेअरचा भाव वर जाईल का खाली यावर पैसे लावायचे, टेलिग्राम ग्रुप अर्ध्या वर्गाकडे आहेत, आणि शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनेच 2024 साली सांगितलं की तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या शंभरातल्या 93 सामान्य लोकांचं नुकसान झालं. हे त्या टेलिग्रामवाल्यांनी पोरांना कधी सांगितलंय? आणि हे अमळनेर आहे बरं का. विप्रो 1945 साली इथे तेलाची कंपनी म्हणून सुरू झाली आणि ज्यांनी तेव्हाचे शेअर न विकता पिढ्यान्पिढ्या धरून ठेवले त्यांची घरं उभी राहिली, हे इथल्या प्रत्येक म्हाताऱ्याला माहीत आहे. थांबून पैसा कसा वाढतो हे ज्या गावाने बघितलं त्याच गावातली पोरं पाच मिनिटांच्या सौद्यात हात पोळून घेत आहेत.

आणि फक्त पोरंच कुठे. आपल्या खान्देशात पतसंस्था बुडाल्या तेव्हा शिकलेली माणसं बुडाली. माझ्या वडिलांनी रिटायरमेंटचे पैसे दीड टक्का जास्त मिळतोय म्हणून एका पतसंस्थेत ठेवले, बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, आता ते 5 लाखांपर्यंत आहे, आणि पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलंही नाही. वडील शेवटपर्यंत पावत्या उशाखाली घेऊन झोपायचे. ही एक ओळ मला विसाव्या वर्षी कोणी वर्गात सांगितली असती तर, असं मला आजही वाटतं, आणि त्या रविवारच्या वर्गात ती ओळ पहिल्याच दिवशी सांगतात.

आता अडचण सांगतो. संस्थेला तीन वर्षं एका कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीतून, पैसे येत होते, ते मार्चमध्ये संपले. हॉलचं भाडं, खेड्यावरून येणाऱ्या पोरींचं एसटीचं भाडं, वह्या आणि दोन शिकवणाऱ्यांचं मानधन, एवढाच खर्च, फार काही नाही. कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असं आहे, मग जळगावच्या एमआयडीसीत, दालमिल, चटई, पाइपच्या धंद्यात ज्यांचं बरं चाललंय त्यांनी इकडे बघावं. सराफ बाजाराने बघावं. सगळा पैसा शाळेच्या कमानीवर आणि नावाच्या पाटीवर का जातो मला कळत नाही. सामान्य माणसाने 500 दिले तरी चालेल, ऑनलाइनच द्या, पावती मागून घ्या.

पण पैशापेक्षा माणसं पाहिजेत. बँकेतून, एलआयसीतून, पोस्टातून रिटायर झालेल्यांनी महिन्यातला एक रविवार द्यावा. दुकानदारांनी एका पोराला पंधरा दिवस गल्ल्यावर बसवून हिशोब शिकवावा, मी यावर्षी दोन पोरी घेतल्यात, एकीने माझ्या जीएसटीच्या बिलातली चूक काढली. आणि आईबापांनो, पोरगी रविवारी वर्गाला जाते म्हटल्यावर तिला धुण्याभांड्यासाठी घरी थांबवू नका, ही विनंती हात जोडून.

नवीन बॅच आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया झाली की सुरू करायची आहे. खुर्च्या चाळीस आहेत, मागच्या वेळी त्याच्यापेक्षा जास्त पोरं आली आणि सतरंजीवर बसली, कोणी परत गेलं नाही. यावेळी हॉलचं भाडं जमलं नाही तर माझ्या दुकानामागची पत्र्याची शेड मी रिकामी करून ठेवलीय, पंखा तेवढा कोणी द्या.

आपला,
एक झेरॉक्सवाला वाचक
अमळनेर, जि. जळगाव