सर, तुम्ही माझं सर्टिफिकेट वाचलंत

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तुमची साताऱ्याच्या ट्रेनिंग केंद्रावर बदली झाल्याचं परवा कळलं. निरोपाचा कार्यक्रम तुम्ही करू दिला नाहीत, त्यामुळे बोलायचं ते सगळं मनातच राहिलं. म्हणून हे पत्र लिहिते, आणि मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते. ट्रेनिंग कंपनीत शिकवणाऱ्यांचे दिवस कसे जातात ते बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. तिथे एखादा माणूस चांगला वागला तर तेही कळत नाही.

आधी एक सांगते. रुग्णसेवा शिकवायचं हे काम मला मनापासून आवडतं. 1894 साली डॉ. वानलेस यांनी मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे, आणि जत, आटपाडी, कवठे महांकाळकडच्या मुलींना इथे हाताला काम मिळू शकतं. पेशंटला कुशीवर वळवून अंगाखालची चादर बदलायची, जेवण भरवायचं, नाडी बघायची, हे आम्ही शिकवतो. मागच्या बॅचला जतकडची एक मुलगी होती. बीपीचा कफ बांधताना तिचे हात इतके थरथरायचे की हवा भरायच्या बल्बचा स्क्रूच सुटायचा. "काका, हात सैल सोडा" एवढं म्हणायलाही लाजायची. असेसमेंटच्या आदल्या दिवशी तिने माझ्याच दंडाला कफ बांधला, स्टेथो लावला आणि मान वर करून म्हणाली, "मॅडम, एकशे अठरा!" खालचा आकडा सांगायचं भानच राहिलं नाही तिला, इतकी खूश झाली होती. अशा दिवशी पगाराची आठवण येत नाही.

बाकीच्या दिवशी मात्र येते. तुमच्याकडे येण्याआधी मी ज्या कंपनीत होते, तिचं नाव घेत नाही. रुजू होतानाच त्यांनी ओरिजिनल कागद जमा करून घेतले. जीएनएमचं, म्हणजे नर्सिंगच्या कोर्सचं सर्टिफिकेट, मार्कशीट, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, सगळं. "सगळ्यांचेच घेतो" म्हणाले. नोकरीची गरज होती, दिले. पगार मागायला गेलं की एकच उत्तर, "बिल निघालं नाही." सरकारी योजनांचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात हे मला माहीत आहे. 2016 ते 2020 च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत तर 30 टक्के बॅच सुरू झाल्यावर, 50 टक्के मुलं पास झाल्यावर आणि उरलेले 20 टक्के त्यांना नोकऱ्या लागल्यावर, असा हिशेब होता. कंपनीची अडचण खरी असेल. पण तिची झळ दर वेळी शिकवणाऱ्यालाच का? बॅच भरत नाही म्हणून रविवारी गावोगाव फिरून मुली गोळा करायला आम्हालाच पाठवायचे, आणि पट कमी भरला की पगार अडवायचे. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. अर्धी सांगली पाण्यात होती, एसटी बंद, लोक माळ्यावर चढून बसलेले. त्या दिवसांची आमची बिनपगारी लावली. हे मी आजही विसरलेले नाही.

शेवटी रीतसर नोटीस देऊन, हातातली बॅच पूर्ण करून मी नोकरी सोडली. तरी कागद देईनात. कधी साहेब पुण्याला गेलेले असायचे, कधी कपाटाची किल्ली सापडायची नाही. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं दर 5 वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, माझी तारीख जवळ आली होती. ओळखीच्या एका पुढाऱ्यांकडे गेले. "फोन करतो" म्हणाले, तो फोन काही झाला नाही. नातेवाइकांनी सांगितलं, "जाऊ दे, डुप्लिकेट काढ, कशाला वाकड्यात शिरतेस." दुसरीकडे मुलाखतीला गेले, तर ओरिजिनल नाहीत म्हटल्यावर मुलाखत तिथेच संपायची. माझंच काहीतरी लफडं असणार, असं समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसायचं.

मग तुमच्याकडे मुलाखतीला आले. तुम्हीच तेवढं विचारलंत, "कुणाकडे आहेत?" मी सांगितलं. तुम्ही घड्याळ बघितलंत आणि म्हणालात, "उद्या अकराला मी तिथे येतो. तुम्हीही या." तेव्हा मी तुमच्या केंद्राची कुणीही नव्हते. मला घ्यायचं की नाही हेही ठरलं नव्हतं.

तिथे तुम्ही आवाज चढवला नाहीत, ओळख सांगितली नाहीत. "मॅडमचे कागद द्या, आम्ही थांबलोय," एवढंच म्हणालात आणि बसून राहिलात. पुढे काय काय झालं ते लिहीत बसत नाही. दुपारी फाईल हातात आली.

पण सर, हे पत्र त्या फाईलसाठी नाही. त्यानंतर आपण विश्रामबागला चहाला थांबलो, त्या दहा मिनिटांसाठी आहे. टेबल ओलं होतं. तुम्ही खिशातला रुमाल काढून ते पुसलंत, चहाचे कप बाजूला सरकवलेत आणि एकेक कागद पुढे ठेवून वाचू लागलात. सगळे आहेत का ते मोजून पाहाल असं मला वाटलं होतं. तुम्ही वाचत होतात. माझं नाव, कॉलेज, साल, विषयांचे मार्क. मग चष्मा वर करून म्हणालात, "फर्स्ट क्लास आहे की मॅडम तुमचा! कुठल्या वॉर्डचं काम जास्त आवडायचं?"

मला एकदम बोलताच येईना. इतकी वर्षं तो कागद कुणाच्या तरी कपाटात माझ्या पायातली बेडी होऊन पडला होता. मी तो कसा मिळवला, रात्रपाळ्या करून, घरी आजारी सासूबाईंचं सगळं करून कशी शिकले, हे कुणी विचारलंच नव्हतं. सर्जिकल वॉर्डबद्दल मी तुमच्याशी किती वेळ बोलत होते कोण जाणे. तुमचा चहा पार गार झाला. सगळं ऐकून तुम्ही कागद नीट लावलेत, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातलेत आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे दिलेत. "उद्या झेरॉक्स आणा. ओरिजिनल घरी ठेवा, ते तुमचे आहेत."

घरी येऊन मी पहिल्यांदा रडले. त्याआधी इतकं सोसलं तेव्हा रडू आलं नव्हतं.

आपल्या केंद्रावर सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. पगार आजही बेताचाच आहे, करार 11 महिन्यांचा, आणि तो संपत आला की पोटात गोळा येतो. पण बिल अडकलं की तुम्ही महिन्याच्या सुरुवातीलाच सगळ्यांना बोलावून खरं काय ते सांगायचात, पैसे कधी येतील ती तारीख सांगायचात, आणि स्वतःचा पगार आमच्यानंतर काढायचात. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, आम्हाला अकाउंटच्या ताईंकडून कळलं. मुली गोळा करायला वेगळी माणसं नेमलीत, आम्हाला वर्गात राहू दिलंत. आमच्यातल्या एक मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या तेव्हा त्यांची खुर्ची त्यांचीच राहिली. यासाठी कंपनीला जास्तीचा खर्च फारसा आलेला नाही. माणसाला माणूस म्हणून वागवायची दानत लागते, आणि ती ज्यांच्याकडे नव्हती अशांच्या हाताखाली काम केल्यामुळे मला तिची किंमत कळते.

साताऱ्यातल्या शिक्षकांनो, हे वाचत असाल तर सांगते. सरांपुढे अडचण मांडायला घाबरू नका. ते लगेच हो म्हणणार नाहीत, आधी पुष्कळ प्रश्न विचारतील. विचारू द्या.

आणि सर, एक कळवायचं राहिलं. एकशे अठरावाली आपली ती मुलगी मिरजेतल्या एका दवाखान्यात लागली, रात्रपाळीला. पहिला पगार झाला की आईला घेऊन तुम्हाला भेटायला साताऱ्याला येणार म्हणते. मी तिला केंद्राचा पत्ता दिला आहे. रविवारी येईल, त्या दिवशी तेवढे केंद्रावर असा.

आपली,
मिरज केंद्रातली रुग्णसेवेची मॅडम